द्राक्षाच्या एका बीतून दोन कोंब आले तर काय करायचं

चार वर्षांपूर्वी मिरगाचा पहिला पाऊस पडून गेलेला, प्रोट्रे, म्हणजे द्राक्षाच्या बिया लावलेले खाचांचे ट्रे, शेडनेटखाली मांडून ठेवलेले, आणि सकाळी पाणी मारायला गेलो तर ३७ नंबरच्या खाचेत दोन कोंब. एका खाचेत एकच बी हा माझा नियम, रात्री झोपेत पण मोडणार नाही. शेजारचे अण्णा बांधावरून आले, त्यांची सगळी हयात सोनाका आणि शरद सीडलेस या द्राक्षाच्या जातींत गेलेली, वाकून बघितलं आणि म्हणाले, "लिंबाच्या बीचं असतंय की असं. दोन्ही आईसारखीच निघतील बग, एक ठेव, एक उपटून टाक."

मला तेव्हा काही बोलता आलं नाही, पण उपटलं पण नाही. नंतर जे वाचलं, करून बघितलं आणि लॅबमधून तपासून आणलं ते इथं लिहितोय, म्हणजे ज्यांना दोन जातींचा क्रॉस करून बिया लावायचा नाद आहे त्यांनी तरी घाईत कोंब उपटू नये. अण्णांचं लिंबाबद्दल शंभर टक्के बरोबर होतं. फक्त द्राक्ष म्हणजे लिंबू नाही.

आधी लिंबाचंच बघू. कागदी लिंबाची बी लावली की कधी दोन, कधी तीन रोपं येतात, आणि त्यातली बरीचशी आईची झेरॉक्स असतात. कारण तिथं बीजांडाच्या आत भ्रूणकोशाला वेढून जो आईचा टिश्यू असतो, न्यूसेलस म्हणतात त्याला, त्याच्या पेशीच उठून भ्रूण बनवतात, बापाचा पराग त्यात येतच नाही. संत्र्याच्या बीत एकाहून जास्त भ्रूण असतात हे लेव्हेनहूकनं १७१९ मध्येच नोंदवलेलं, म्हणजे मायक्रोस्कोप नवीन होता तेव्हाची गोष्ट. आंब्यात पण असतं, पण सगळ्या आंब्यात नाही. दक्षिणेकडच्या ओलूर, वेल्लईकोलंबन असल्या जातींच्या एका कोयीतून अनेक रोपं येतात आणि आपल्या हापूसच्या कोयीतून एकच, ते पण आईसारखं निघेल याची खात्री नाही. जांभळाच्या एका बीतून तीन-चार कोंब तर तुम्ही रस्त्याच्या कडेला पण बघितले असतील. या सगळ्यामुळं आपल्या डोक्यात बसलंय की दोन कोंब म्हणजे आईची कॉपी.

द्राक्षात न्यूसेलसमधून भ्रूण उठणं हा नेहमीचा प्रकार नाही. त्यामुळं दोन कोंब दिसले की चार शक्यता धरायच्या. पहिली, एकच भ्रूण सुरुवातीलाच फुटून दोन झाले, म्हणजे माणसात एकसारखे जुळे असतात तसं. दोन्ही रोपं एकमेकांची कॉपी, पण आईची नाही, दोघांत अर्धी आई अर्धा बाप. दुसरी, एका बीजांडात दोन भ्रूणकोश होते आणि दोन वेगळ्या परागांनी दोन वेगळे झायगोट, म्हणजे फलित पेशी, झाले, ही सख्खी भावंडं, जुळी पण वेगळ्या चेहऱ्याची. तिसरी, न्यूसेलसवाली, अण्णांची. चौथी एकदम दुर्मिळ, भ्रूणकोशातली एखादी पेशी फलन न होताच वाढली आणि त्यातून अर्ध्या क्रोमोझोमचं रोप आलं. द्राक्षात क्रोमोझोम ३८ असतात, तर या बिचाऱ्यात १९. असलं रोप बारकं, अशक्त, बऱ्याचदा जोडीतलं धाकटं भावंड वाटावं असं दिसतं.

कुठली शक्यता खरी हे नुसतं बघून सांगणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता मुळातच आपल्याकडं द्राक्षाची बी लावतंय कोण? कोणीच नाही. डॉगरीज जातीचा खुंट लावायचा, त्यावर कलम भरायचं, झालं. एक एकर सोनाका म्हणजे जेनेटिक भाषेत एकच झाड, शेकडो वेलींवर पसरलेलं. आपल्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी सोनाका आणि शरद सीडलेस काढली ती पण बागेत वेगळी दिसलेली वेल ओळखून आणि काडीनं वाढवून, शरद तर किशमिश चोर्नीतून निवडलेली. ती नजर वेगळीच. पण बीतून पण जाती आल्यात. पुण्याच्या डॉ. चिमांची चीमा साहेबी ही पंढरी साहेबीच्या बीतून निवडलेली, आणि पुण्याच्याच आघारकर संस्थेची एआरआय ५१६ ही कटावबा आणि ब्युटी सीडलेस यांचा क्रॉस, त्यातली कटावबा अमेरिकन लॅब्रुस्का कुळातली म्हणून एआरआय ५१६ ला बुरशीचा त्रास कमी. डाऊनी रोगानं दरवर्षी रडवल्यावर आपल्याला पण असलं काही करून बघावं वाटतंच की.

तर मी केलेला क्रॉस, अनाब-ए-शाही आई आणि बंगळूर ब्लू बाप. आई बीवालीच घ्यायची, हे सगळ्यात महत्त्वाचं. थॉम्पसन किंवा तिच्या घरातली कुठलीही जात आई म्हणून घेतली तर फलन होतं, भ्रूण तयार पण होतो आणि मध्येच बी वाढायची थांबते, मण्यात ते मऊ पांढरं बोंडकं राहतं तेच. बाप म्हणून मात्र सीडलेस चालतो, त्याचे पराग चांगले असतात. आणि आई शोधताना वेलीच्या वरच्या भागाकडं बघायचं, खाली खुंट डॉगरीज असो नाहीतर ११० आर, बीत त्याचं काही येत नाही.

फळ छाटणीनंतर साधारण चाळीस दिवसांनी फुलोरा येतो. फुलांवरच्या पाकळ्यांच्या टोप्या अजून हिरव्या आणि घट्ट आहेत असा घड निवडायचा, शेंडा आणि बगला कापून शंभरेक फुलं ठेवायची. मग बारीक चिमट्यानं टोपी काढायची, तिच्यासोबत पाचही पुंकेसर काढायचे, मधली बोंडी दुखवायची नाही. मान मोडते, डोळे जातात, पहिल्या दिवशी माझी वीस फुलं झाली फक्त. हे टाळून चालत नाही कारण द्राक्षाचं फूल स्वतःच्याच परागानं सहज फळतं, टोपी पडायच्या आतच काम उरकलेलं असतं कधीकधी. आणि शेजारच्या त्याच जातीच्या वेलीचा पराग आला तरी ते सेल्फच, कारण वेल दुसरी असली तरी झाड तेच, वर सांगितलं तसं. मग बटर पेपरची पिशवी बांधायची, दुसऱ्या दिवशी सकाळी बोंडीच्या टोकावर चकाकणारा थेंब दिसला की बापाचे पराग ब्रशनं लावायचे, पुढच्या दिवशी परत एकदा, पिशवी परत बांधायची. पराग मिळवायला बापाची उमलायला आलेली फुलं आदल्या दिवशी कागदावर सावलीत वाळत टाकायची, पिवळी पावडर खाली पडते.

इथं माझी पहिल्या वर्षीची वाट लागली ती सांगतो. डिपिंगला, म्हणजे घड जीएच्या (जिबरेलिक अ‍ॅसिड, मणी फुगवायचं संप्रेरक) पाण्यात बुडवायला, आलेल्या टोळीनं बाकीच्या घडांबरोबर माझे पिशवीवाले घड पण पिशवी काढून जीएमध्ये बुडवले, परत पिशवी घातली, वर मला कौतुकानं सांगितलं की तुमचे पण करून टाकले. फुलोऱ्याच्या आसपास जीए दिलं तर बीवाल्या जातीत पण बी कमी पडते, जपानमध्ये डेलावेर नावाची बीवाली द्राक्षं याच युक्तीनं सीडलेस करून विकतात. माझ्या घडात मोजून चार बिया निघाल्या. त्यांची चूक नाही, मी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून लाल रिबीन बांधतो आणि टोळीच्या म्होरक्याला हाताला धरून नेऊन दाखवतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मणी पूर्ण पिकू द्यायचे, अगदी सुरकुतायला लागेपर्यंत. एका मण्यात जास्तीत जास्त चार बिया येऊ शकतात कारण बीजांडंच चार असतात, प्रत्यक्षात एक-दोनच मिळतात. गर धुवून काढायचा, पाण्यात टाकायच्या, तरंगणाऱ्या पोकळ म्हणून फेकायच्या. आणि इथंच पहिली तपासणी, दोन बिया पाठीला पाठ चिकटलेल्या आहेत का ते बघायचं. असतील तर वेगळ्या करायच्या, नाहीतर नंतर त्यालाच तुम्ही जुळं समजून नाचाल.

मग बियांची झोप मोडायची. द्राक्षाची बी थंडी खाल्ल्याशिवाय नीट उगवत नाही, आणि सोलापुरात थंडी म्हणजे जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपुरती. म्हणून फ्रिज. ओलसर कोकोपीट, हातात दाबलं तर पाणी गळणार नाही इतकंच ओलं, झिपवाल्या पिशवीत बियांसकट घालून भाजीच्या कप्प्यात, ४-५ डिग्रीला, तीन महिने. फ्रीजरमध्ये नाही. पिशवीवर तारीख, क्रॉसचं नाव आणि मोठ्या अक्षरात "खायचं नाही" लिहा, आमच्या आईनं एकदा ती पिशवी उघडून वास घेऊन कचऱ्यात टाकायला काढली होती. दर पंधरा दिवसांनी उघडून बुरशी बघायची. मार्चमध्ये ठेवलेल्या बिया जूनमध्ये बाहेर येतात हे आपल्या हवामानाला फार सोयीचं पडतं, कारण मे महिन्यात ४३ डिग्रीत कोवळं रोप जगवायचं म्हणजे तव्यावर धणे पेरण्यासारखं. बाहेर काढल्यावर एक रात्र हजार पीपीएम जीएच्या पाण्यात भिजवायच्या, म्हणजे १०० मिलीला १०० मिलीग्रॅम, पावडर आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून. हो, तेच जीए, घडावर नको म्हणालो पण बीवर चालतं, तिथं ते झोप मोडायला मदत करतं.

प्रोट्रेच्या प्रत्येक खाचेला नंबर, एका खाचेत एक बी, वहीत नोंद. पहिली उगवण दोन-तीन आठवड्यांत, काही आळशी बिया पुढचे दीड-दोन महिने येत राहतात, त्यामुळं ट्रे लगेच फेकू नका.

आता दोन कोंब दिसले. लगेच नाचायचं नाही, दोन गोष्टी फसवतात. एक, तीन बीजपत्रांचं रोप. दोनाऐवजी तीन पानं पसरलेली दिसतात पण दांडा एकच, हे जुळं नाही. दुसरी, शेंडा कीडीनं किंवा उन्हानं मेला की बीजपत्रांच्या बगलेतून दोन फुटवे एकदम निघतात, ते पण वरून बघितलं तर दोन रोपंच वाटतात. माझ्या तीन जोड्यांतली एक अशीच खोटी निघाली, आणि मी तिचा फोटो पण सगळ्यांना पाठवून बसलो होतो. खरं जुळं म्हणजे दोन स्वतंत्र मुळं आणि बीजपत्रांच्या दोन स्वतंत्र जोड्या, एकाच टरफलातून. हे बघायला मातीचा गड्डा पूर्ण उचलून वाटीभर पाण्यात सोडायचा, कोकोपीट आपोआप सुटतं, मुळं तरंगतात. टरफल अजून डोक्यावर किंवा मातीत असेल तर ते जपून ठेवा, तोच पुरावा. कधीकधी खालचे दांडे थोडे जोडलेले असतात, तेव्हा ओढाताण न करता ब्लेडनं कापायचं, जाड भावंडाकडं थोडा जास्त भाग गेला तरी चालेल.

वेगळं करायची वेळ म्हणजे दोन खरी पानं आल्यावर, त्याच्या आधी केलं तर धाकटं मरतं आणि उशीर केला तर मुळं एकमेकांत गुंततात. संध्याकाळी करा, पहिले आठ दिवस वर कापलेली पाण्याची बाटली उपडी ठेवा. मोठं अ आणि छोटं ब असं नाव द्या, ३७-अ, ३७-ब. छोट्याला जास्त जीव लावा. आपली सवय उलटी असते, जोमदार ते ठेवायचं आणि बारकं फेकायचं, पण जुळ्यातलं बारकं हेच कधीकधी जेनेटिकली मजेशीर असतं.

घरबसल्या काय तपासता येईल? पहिलं पानाची खालची बाजू. बंगळूर ब्लूसारख्या लॅब्रुस्का रक्ताच्या बापाच्या पानाखाली लव असते, पांढुरकी किंवा तांबूस, बोटाला फ्लॅनेलसारखी लागते. आईचं पान गुळगुळीत असेल आणि रोपाच्या पानाखाली स्पष्ट लव दिसली तर बाप आत आहे, म्हणजे न्यूसेलसवालं नाही. उलटं मात्र धरायचं नाही, लव कमी दिसली म्हणून आईची कॉपी असा निकाल देता येत नाही, संकरात लव कमी-जास्त येते. दुसरं, ताणे. आपल्या नेहमीच्या व्हिनिफेरा, म्हणजे युरोपियन कुळातल्या, जातीत दोन पेरांवर ताणा आणि तिसरं पेर मोकळं असा हिशोब चालतो, लॅब्रुस्कामध्ये जवळपास प्रत्येक पेरावर ताणा. बघा एकदा बागेत जाऊन, आयुष्य बागेत काढलेल्या माणसांनी पण हे मोजलेलं नसतं, अण्णांनी पण नव्हतं. फक्त बीच्या रोपाला सुरुवातीच्या पेरांवर ताणेच येत नाहीत, त्यामुळं वेल कमरेइतकी होईपर्यंत थांबावं लागतं. मण्याच्या रंगावर भरवसा ठेवायचा तर दोन-तीन वर्षं जातात. पांढरी आई आणि काळा बाप असेल तर काळा रंग वरचढ असतो, त्यामुळं रोपाला काळे मणी आले की बाप नक्की आत आहे, पण तेवढा धीर कोणाला.

अर्ध्या क्रोमोझोमवाल्याचा संशय असेल तर एक स्वस्तातली युक्ती आहे. पूर्ण वाढलेल्या पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिश लावायचं, वाळलं की सेलोटेपनं ओढून काढायचं, काचेवर चिकटवून शाळेच्या मायक्रोस्कोपखाली बघायचं. पर्णरंध्रांचा ठसा उमटतो. दोन्ही भावंडांचे ठसे एकाच लेन्सखाली, एकाच वयाच्या पानाचे घ्यायचे. एकाची रंध्रं ठळकपणे छोटी दिसली तर क्रोमोझोम कमी असल्याचा संशय, मोठी दिसली तर दुप्पट झाल्याचा. हा फक्त संशय, निकाल नाही. आणि पानाखाली जास्त लव असेल तर नेलपॉलिश लवेलाच चिकटतं आणि ठसा येत नाही, तेव्हा शिरांच्या मधली कमी लवेची जागा शोधायची. पक्कं मोजायचं तर मुळाच्या टोकावरून क्रोमोझोम मोजतात किंवा फ्लो सायटोमीटरला, म्हणजे पेशीतला डीएनए मोजणाऱ्या मशीनला, देतात. द्राक्षाचे क्रोमोझोम इतके बारके की मोजणारा वैतागतो, मी त्या फंदात पडलो नाही.

खरा निकाल डीएनए मार्करचा, म्हणजे डीएनएमधल्या ठराविक जागांवरच्या तुकड्यांची लांबी मोजायची. याच पद्धतीनं १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात बॉवर्स आणि मेरेडिथ यांनी दाखवलं की जगप्रसिद्ध काबर्ने सोव्हिन्यों ही काबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां यांची पोर आहे, नावातच दोघं बसलेले आणि तरी तोपर्यंत कोणाकडं पुरावा नव्हता. द्राक्षासाठी सहा मार्करचा एक ठरलेला संच जगभर वापरतात, व्हीव्हीएस२, व्हीव्हीएमडी५, व्हीव्हीएमडी७, व्हीव्हीएमडी२७, आणि झॅगवाले दोन, ६२ आणि ७९. लॅबवाल्यांना नावं माहीत असतात, आपण फक्त चार पानं नीट द्यायची, अ चं, ब चं, आईचं आणि बापाचं. कोवळं पान, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद पिशवीत. आई-बापाचं पान विसरलात तर पैसे पाण्यात गेले असं समजा. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्या सोलापूरच्या केगावात आहे पण द्राक्षाचं मांजरीला, पुण्याजवळ, त्यामुळं विचारपूस करायची तर गाडी त्या दिशेला वळवावी लागते.

रिपोर्टमध्ये प्रत्येक मार्करला दोन आकडे येतात, एक आईकडून आलेल्या तुकड्याची लांबी, एक बापाकडून. समजायला एक कल्पित उदाहरण घेऊ. एका मार्करला आई १३३/१४३ आणि बाप १३९/१५१. पोराला आईचा एक आकडा आणि बापाचा एक आकडा मिळणार.

आता अ आला १३३/१३९ आणि ब आला १४३/१५१, तर विषय संपला, ही दोन वेगळ्या झायगोटची सख्खी भावंडं. एका मार्करवर जरी स्पष्ट फरक पडला तरी एकसारखे जुळे नाहीत, फक्त तो फरक लॅबच्या चुकीचा नाही हे परत चालवून बघायचं.

दोघंही १३३/१५१ आले तर? घाई नको. सख्ख्या भावंडांचा पण एका मार्करवर योगायोगानं मेळ बसू शकतो, इथं चार जोड्या शक्य आहेत म्हणून चारात एकदा बसेल. दोन मार्करवर बसायची शक्यता सोळात एक, आणि सहाच्या सहा मार्करवर तंतोतंत बसायची ४०९६ मध्ये एक. त्यामुळं सहाही जुळले आणि प्रत्येकात बापाचा आकडा दिसला तर एकच भ्रूण फुटून दोन झाले हे मान्य करायला हरकत नाही. पण हा हिशोब तेव्हाच जेव्हा आई-बापाचे चारही आकडे वेगळे असतात. आईचे दोन्ही आकडे सारखे असतील तर त्या मार्करवर भावंडं दोनात एकदा जुळतात, दोघांचेही सारखे सारखे असतील तर तो मार्कर काहीच सांगत नाही, सगळी पोरं एकसारखीच दिसणार. म्हणून आधी आई-बापाचा रिपोर्ट घ्यायचा आणि मगच पोरांसाठी मार्कर निवडायचे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, एक चक्कर जास्त झाली.

तिसरी गोष्ट, पोराला १३३/१४३ आले, दोन्ही आईचेच आकडे. अण्णा जिंकले? अजून नाही. टोपी काढताना एखादा पुंकेसर फुटला असेल तर आईच्याच परागानं सेल्फ झालेलं पोर पण आईचेच आकडे दाखवतं. फरक कुठं पडतो तर सेल्फमध्ये आकड्यांची वाटणी परत होते, १३३/१३३, १४३/१४३ असं पण येतं, आणि आईसारखं १३३/१४३ राहायची शक्यता निम्मी. सहाही मार्करवर आईचे दोन्ही वेगळे आकडे असतील आणि पोरात सहाही ठिकाणी ते तसेच्या तसे आले तर सेल्फची शक्यता ६४ मध्ये एक. दहा मार्कर केले तर १०२४ मध्ये एक. म्हणजे आईची कॉपी म्हणायची तर एकाही मार्करवर दोन सारखे आकडे येता कामा नयेत. एक जरी आला तर ते सेल्फचं पोर.

आणि सगळ्या मार्करवर एकच एक आकडा येत असेल तर ते १९ क्रोमोझोमवालं असू शकतं. असल्या रोपाचे क्रोमोझोम दुप्पट केले तर पूर्ण शुद्ध वाण मिळतो, संशोधकांना त्याचा मोह असतो कारण द्राक्षाच्या प्रत्येक वेलीत आईकडचं आणि बापाकडचं इतकं वेगळं असतं की सगळा डीएनए वाचताना गोंधळ होतो. २००७ मध्ये फ्रेंच-इटालियन टीमनं द्राक्षाचा जीनोम वाचला तेव्हा पिढ्यानपिढ्या सेल्फ करून जवळपास शुद्ध केलेली पीएन४००२४ नावाची वेल मुद्दाम घेतली होती. आपल्या बागेसाठी मात्र त्याचा उपयोग शून्य, शुद्ध केलेली द्राक्षं नाजूक आणि रोगट होतात.

वहीतल्या हिशोबाचं एक सांगायचं राहिलं, आणि हे ब्रीडिंग करणाऱ्या पोरांनी जास्त ऐकावं. चाळीस बियांतून शेहेचाळीस रोपं आली तर तुमच्याकडं शेहेचाळीस संकर आहेत असं धरू नका. एकसारखे जुळे असतील तर ते एकच संकर दोनदा मोजलेला. सीडलेस किती आणि बीवाली किती असं गुणोत्तर काढताना जुळी दोनदा धरली की आकडा डगमगतो आणि तुम्ही भलत्याच निष्कर्षावर जाता. सीडलेस आईची बीजांडं लॅबमध्ये काढून बाटलीत वाढवतात, एम्ब्रियो रेस्क्यू म्हणतात, रॅमिंग आणि एमरशाड यांनी १९८० च्या दशकात हे द्राक्षात रुळवलं, तिथं तर एका बीजांडातून कितीतरी भ्रूण निघतात. ते बहुतेक त्याच एका झायगोटपासून फुटलेले असतात, त्यामुळं तिथं पण रोपं मोजायची नाहीत, बीजांडं मोजायची. बाटलीत शंभर रोपं दिसली म्हणून हरखून जाऊ नका, एकाच कोंबडीची अंडी असल्यासारखं पण नाही, एकाच अंड्याची.

तपासून झाल्यावर त्यांचं करायचं काय? एकसारखी निघाली तर मजा आहे, एक स्वतःच्या मुळावर ठेवा, दुसऱ्याची काडी डॉगरीजवर भरा आणि खुंटामुळं काय फरक पडतो ते बघा, किंवा एकाला डाऊनीचे फवारे द्या आणि दुसऱ्याला देऊ नका. असली तुलना वेगळ्या भावंडांत करता येत नाही. वेगळी निघाली तर दोन्ही स्वतंत्र संकर म्हणून वाढवा, त्यांना जुळं म्हणायचं पण सोडून द्या. आईची कॉपी निघाली तर ती तुमच्याकडं आधीच आहे, काडीनं कितीही मिळते.

माझी ५८ नंबरची जोडी वेगळी भावंडं निघाली, त्यातलं ब पहिल्याच मे महिन्यात उन्हानं गेलं, मी लग्नाला गावाला गेलो होतो आणि ड्रीपचा लॅटरल उंदरानं कुरतडलेला. ३७ ची जोडी सहाही मार्करवर तंतोतंत जुळली, प्रत्येक ठिकाणी एक आकडा अनाबचा आणि एक बंगळूर ब्लूचा. म्हणजे एकसारखी जुळी, आईची कॉपी नाही. रिपोर्ट घेऊन अण्णांकडं गेलो, त्यांनी चष्मा लावून कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "आकडे मटक्याला दे, मला घड दाखव."

यंदा दोन्हीला घड आले, मोजके चार-पाच. काळे, बारके, जाड सालीचे, बीवाले. अण्णांना एक मणी ३७-अ चा आणि एक ३७-ब चा खायला दिला, नंबर न सांगता. त्यांनी एक खाल्ला, दुसरा खाल्ला, बिया हातावर थुंकल्या, तोंड वाकडं केलं.

"दोन्ही सारखीच आंबट हायती की बे."

बिया मी त्यांच्या हातातून घेतल्या आणि धुवून ठेवल्या.